मी बातमी केली, वेल्डिंग बघितलं नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि ही माफीची पोस्ट आहे, त्यामुळे आधीच सांगतो, यात हिरो कोणी नाही. मी तर नाहीच.

यंदा जानेवारीत मी एक बातमी केली होती. तासगाव तालुक्यातल्या एका गावात पन्नास वर्षांच्या महिंद्रा पिकअपला मिस्त्रीनं नव्या गाडीचं सस्पेन्शन बसवलं, गाडी आता कारसारखी पळते, द्राक्षाचा मणी गळत नाही, वगैरे. फोटो मोठा, शीर्षकात 'किमया' हा शब्द. आमच्या धंद्यात 'किमया' आलं की समजायचं, बातमीदार गाडीखाली वाकलेला नाही.

ती गाडी माझ्या मामांची होती. हे बातमीत लिहिलं नव्हतं. ही पहिली चूक. दुसरी चूक पुढं सांगतो.

मी साताऱ्यात राहतो, आजोळ तासगावकडं. तसं 1949 पर्यंत आपण एकच जिल्हा होतो. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. जिल्हे वेगळे झाले तरी सोयरीक, ऊस, द्राक्षं, वडाप आणि खड्डे एकच राहिले. त्यामुळे हा विषय दोन्हीकडच्यांचा आहे.

मामांची गाडी 1974 ची. फॉरवर्ड कंट्रोल पिकअप, म्हणजे नाक नसलेली, ड्रायव्हर पुढच्या चाकावरच बसतो असं वाटणारी. मामांनी ती 1988 ला एका ठेकेदाराकडून घेतली. मूळचं पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून दोन वर्षांत काढलं आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी आपल्याकडच्या कितीतरी जीपांचं हेच झालं होतं, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. आठवड्याच्या बाजाराला वडाप, सुगीत माल, लग्नात वऱ्हाड, कुणाला सर्पदंश झाला तर रात्री मिरजेचा दवाखाना. या गाडीत बाळंत झालेल्या दोन बायका गावात आजही आहेत, त्यांची ती लेकरं आता तिशीत आहेत.

अशा गाडीला माणूस 'जुनी झाली' म्हणून भंगारात घालत नाही. घरातलं म्हातारं माणूस आपण घालतो का?

पण गाडी ताठ होती. पुढं-मागं चारी चाकांवर पाटे. रिकामी असली की खड्ड्यात उडायची. मामांच्या मणक्याची दोन गाद्या सरकल्या. शिवाय द्राक्ष. बागायतदारांना सांगायला नको, पण साताऱ्याच्या वरच्या भागातल्या मित्रांसाठी सांगतो. द्राक्षाचा घड क्रेटमध्ये सारखा हलला, आदळला की मणी देठापासून सुटतो, सालीवरची पांढरी लव पुसली जाते आणि व्यापारी किलोमागं भाव पाडून मागतो. बागेपासून पॅकहाउसपर्यंतचा कच्चा रस्ता सहा किलोमीटर. तेवढ्यात वर्षाची मेहनत हलून जाते.

मामेभावानं म्हणून ठरवलं, पाटे काढायचे. पुढं भंगारातल्या बोलेरोचं इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागं स्कॉर्पिओचा अख्खा एक्सल, कॉइल स्प्रिंग आणि लिंकांसकट. त्याचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. कंपनीनंही तेच केलं की. 2010 ला थार आली तेव्हा चेहरा जुन्या जीपचा आणि पुढची चाकं इंडिपेंडंट, मागं पाटे. 2020 च्या थारमध्ये मागचे पाटेही गेले, कॉइल आल्या. कंपनीनं केलं तर आपण का नाही? सगळे मिळून दीड लाखाच्या आत काम बसलं. बोलेरोच्या आणि जुन्या जीपच्या चाकाचे पाच बोल्ट एकाच मापात बसतात, त्यामुळे चाकांचाही प्रश्न मिटला.

आता जरा गाडीखाली जाऊ. जे मी जानेवारीत करायला पाहिजे होतं ते आता करतो.

आपण पाट्याला फक्त धक्का खाणारी वस्तू समजतो. पाटा दोन कामं करतो. एक, वजन पेलतो. दुसरं, एक्सलला जागेवर धरून ठेवतो. ब्रेक दाबला की चाकाला मागं ओढणारा जोर येतो, गाडी उचलली की पुढं ढकलणारा जोर येतो. हा सगळा जोर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून चासीवरच्या हँगरमध्ये जातो. तो हँगर कंपनीनं चासीला रिव्हेट मारून बसवलेला असतो, कुठं किती जोर येणार याचा हिशोब करून. म्हणून पाटा दिसायला गावठी, पण एकटा माणूस दोन माणसांचं काम करतो.

कॉइल स्प्रिंग तसं करत नाही. ती वर-खाली वजन पेलते, बस. एक्सलला पुढं-मागं आणि आडवं धरायला वेगळ्या लिंका लागतात. म्हणजे जो जोर आधी पाट्यांतून जायचा तो आता चार-पाच लोखंडी दांड्यांतून आणि त्यांच्या ब्रॅकेटमधून जाणार. गाडी मऊ होते, पण सगळा भार त्या ब्रॅकेटांच्या टाक्यावर येतो. आणि ते ब्रॅकेट कशाला वेल्ड केले? पन्नास वर्षांच्या चासीला. जिच्यात आतून गंज किती खाल्लाय हे वरून रंग मारल्यावर कुणालाच दिसत नाही.

पुढच्या बाजूचं दुखणं वेगळं. सरळ एक्सल जाऊन दोन चाकं स्वतंत्र झाली की स्टिअरिंगचा दांडाही त्याच हिशोबानं बसावा लागतो. त्याची लांबी आणि कोन सस्पेन्शनच्या हातांशी जुळला नाही तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टिअरिंग न फिरवता चाक आपोआप वळतं. ब्रेकचे होज पुरेसे लांब नसतील तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणले जातात. मिस्त्रीनं हे दोन्ही व्यवस्थित केलं होतं, हे नंतर तपासल्यावर कळलं. पुढचं काम चोख होतं. चूक मागं होती.

बातमीसाठी मी गेलो तेव्हा मामेभावानं मला गाडीत बसवून त्या कच्च्या रस्त्यानं नेलं. खरं सांगतो, मजा आली. डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवला, थोडंच सांडलं. मी त्याचा व्हिडिओ केला. मिस्त्रीला विचारलं, कुठं शिकला? तो म्हणाला, मिरज रोडवर एका उस्तादाकडं, दहाव्या वर्षापासून. मी लिहिलं, पदवी नसलेला अभियंता. वाचकांना अशी वाक्यं आवडतात. मलाही आवडतात.

विचारला नाही तो प्रश्न एवढाच, हे वेल्डिंग कुणी तपासलं?

मार्चमध्ये सकाळी सहाच्या सुमारास मामेभाऊ क्रेट भरून निघाला. डांबरी रस्त्याला लागल्यावर एका पट्टे न मारलेल्या स्पीडब्रेकरवर त्यानं कचकन ब्रेक मारला. मागच्या डाव्या खालच्या लिंकेचं ब्रॅकेट चासीपासून सुटलं. एक्सलची डावी बाजू मागं सरकली, एक्सल तिरका झाला. गाडीचं शेपूट डावीकडं, तोंड उजवीकडं, समोरून येणाऱ्याच्या अंगावर. समोरून दूध घालायला निघालेला कॉलेजचा एक पोरगा येत होता. त्यानं मोटरसायकल टाकून शेतात उडी मारली. गाडी त्या मोटरसायकलवरून जाऊन चरीत पडली.

पोरगा वाचला. मोटरसायकलचा चेंदा. मामेभावाचं कॉलरबोन मोडलं, वर डोक्याला सात टाके. क्रेटमधली द्राक्षं रस्ताभर. शाळेला निघालेली पोरं ती वेचून खात होती, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

गाडीला विमा फक्त थर्ड पार्टी. पोराला काही झालं असतं आणि कंपनीनं फेरफाराचा मुद्दा उकरला असता, तर वसुली मामांच्या दीड एकर बागेवर आली असती. हे मला वकील मित्रानं सांगितलं तेव्हा घाम फुटला.

मी दवाखान्यात गेलो. मामा बाहेर बाकावर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझा पेपर फ्रेम करून लावलाय रं घरात. आता काढू का ऱ्हाऊ दे?"

यावर काय बोलणार?

रात्री झोप आली नाही, आणि मामेभावामुळे नाही. तो बरा होणार होता. मला आठवलं की बातमी छापल्यावर चार जणांनी मला फोन करून त्या मिस्त्रीचा नंबर मागितला होता. मी दिला होता. चौघांनी काम करून घेतलं असेल तर आणखी चार गाड्या रस्त्यावर आहेत, त्याच हातच्या टाक्यांवर, माझ्या भरवशावर.

दुसऱ्या दिवसापासून मी ते नंबर फिरवायला लागलो. माझा एक मित्र कारखान्यात तपासणी विभागात आहे. त्याला बरोबर घेतलं. त्याच्याकडं भेगा शोधायचे स्प्रे असतात. आधी वेल्डिंग स्वच्छ पुसायचं, मग लाल रंगाचा पातळ द्रव मारायचा, थोडा वेळ थांबायचं. भेग असेल तर द्रव आत झिरपतो. वरचा पुसून काढायचा आणि पांढरा स्प्रे मारायचा. भेगेतला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. डाय पेनिट्रंट म्हणतात त्याला. यात रॉकेट सायन्स काही नाही, फाउंड्रीत रोज चालतं. तीन डब्यांचं काम.

पहिली गाडी विट्याजवळ. ठणठणीत.

दुसरी कराडकडं. तिच्या मालकानं आम्हाला चहा दिला, हसत म्हणाला, कशाला एवढी काळजी साहेब, गाडी मस्त चाललीय. पांढरा स्प्रे मारला आणि डाव्या ब्रॅकेटच्या कडेला बोटभर लाल रेघ उमटली. त्याचं हसू गेलं. त्या गाडीतून तो रोज सकाळी वस्तीवरची अकरा पोरं शाळेत सोडायचा.

तिसरीचं वेल्डिंग बरं होतं, पण मित्र म्हणाला चासीचा पत्राच पातळ झालाय, हिला आतून पट्टी लावल्याशिवाय चालवू नका.

चौथ्यानं गाडी विकली होती. अथणीकडच्या कुणाला तरी, एजंटामार्फत. एजंटाचा नंबर लागत नाही. अजूनही अधूनमधून लावून बघतो.

मग मिस्त्रीकडं गेलो. जाताना डोक्यात राग होता आणि मनात अर्धी बातमी लिहून झाली होती. 'जुगाड जिवावर' असं काहीतरी. आमचं असंच असतं, आधी किमया, मग जुगाड. माणूस तोच.

तो गॅरेजसमोर बाजेवर बसला होता. काम बंद ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत तो उठून आत गेला आणि मामांच्या गाडीचं ते तुटलेलं ब्रॅकेट घेऊन आला. चासीचा पत्रा सोलून निघावा तसा त्याला चिकटून आला होता. म्हणाला, "टाका माझा नाही सुटला साहेब, चासीचं लोखंड सुटलं. पण ते मला कळायला पाहिजे होतं. तिथं मी आतून जाड पट्टी घालून बोल्ट मारायला पाहिजे होते. चूक माझीच."

मी म्हणालो, मग कुणाकडून तपासून का नाही घेतलंस?

त्यानं जे उत्तर दिलं त्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

"कुणाकडून घेऊ? मी गाडी घेऊन तपासायला गेलो तर पहिल्यांदा गाडी जप्त, मग मी जप्त. तुम्ही सांगा, महाराष्ट्रात अशी कुठली जागा आहे जिथं मी म्हणू शकतो की हे काम केलंय, बरोबर आहे का बघा आणि चुकलं असेल तर सांगा?"

मी पत्रकार. वीस वर्षं झाली. म्हटलं, सांगतो शोधून.

शोधलं. उत्तर असं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. 2000 साली दुरुस्ती होऊन हे कलम कडक झालं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी बांधणी चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यातलं 182-अ हे कलम बदलून कडक झालं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

कायदा मूर्ख नाही, हे मी मार्चनंतर मनापासून म्हणतो. त्या दूधवाल्या पोराच्या आईला विचारा. कुणीही उठून चासीला वेल्डिंग मारावं आणि रस्त्यावर यावं, हे चालू देता येणार नाही.

मग मामेभावाला वाटलं, गाडीला पन्नास वर्षं झालीत, व्हिंटेजमध्ये नोंद करू. केंद्रानं जुलै 2021 मध्ये ते नियम काढलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी. नोंदणीला वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. राजवाड्यातल्या रोल्स रॉइसला हा नियम बरोबर आहे. द्राक्षाच्या पिकअपला त्याचा काय उपयोग?

म्हणजे जुन्या गाडीला आपल्याकडं दोन जागा आहेत. शोकेस, नाहीतर भंगार. मधे जी गाडी काम करते, घर चालवते, आणि जिला थोडी सुधारणा लागते, तिच्यासाठी खिडकीच नाही. खिडकी नाही म्हणून काम थांबत नाही. ते शटर अर्धं खाली ओढून रात्री होतं. आणि अर्ध्या शटरमागं केलेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही.

तुम्हाला देवराष्ट्रे आठवत असेल. कडेगाव तालुका, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली, मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास आल्याचं बातम्यांत होतं. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला. ही गाडी नियमांत बसत नाही, कधीतरी अधिकारी ती थांबवतील, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि बदल्यात बोलेरो द्यायची तयारी दाखवली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. सगळ्या जिल्ह्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन बातम्या केल्या.

महिंद्रांचं वागणं मोठ्या मनाचं होतं, त्यात शंका नाही. पण आज विचार करतो तेव्हा एक गोष्ट टोचते. ज्या माणसानं हातानं गाडी बनवली त्याला आपण बक्षीस म्हणून दुसऱ्यानं बनवलेली गाडी दिली आणि त्याची गाडी कौतुकानं बघायची वस्तू झाली. इथंही शोकेसच. त्या वेळी आमच्यापैकी एकाही पत्रकारानं विचारलं नाही की बाबा, ही गाडी नियमात बसवायची असेल तर काय काय बदलावं लागेल, ते या माणसाला सांगणारी एखादी व्यवस्था आहे का? प्रत्येक लोहाराला आनंद महिंद्रा भेटणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, भारतात हे शक्यच नाही. शक्य आहे, आपण केलंय. गॅस किट आठवा. नव्वदच्या दशकात वडापच्या सीटखाली घरगुती सिलिंडर असायचा, रबरी नळी, मागच्या सीटवर बिडी ओढणारा पाव्हणा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. पुढं कायद्यातच गॅसला जागा दिली, त्याच 2000 सालच्या दुरुस्तीत. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवायचं, टाकीची ठरावीक मुदतीनं तपासणी, आरसीवर नोंद. चोरीचा धंदा बऱ्याच अंशी उजेडात आला. ज्या कलम 52 नं फेरफाराचं दार लावलं, त्याच कलमात गॅस किटसाठी खिडकी ठेवली. मग चासी आणि सस्पेन्शनच्या कामासाठी एक खिडकी का नको?

बाहेर बघा. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं साधी गुणांची पद्धत वापरली गेली. जुन्या गाडीत फेरफार केला तर मूळ नंबर ठेवायला किमान आठ गुण लागत. मूळ चासीला पाच, सस्पेन्शनला दोन, एक्सलना दोन, गिअरबॉक्सला दोन, स्टिअरिंगला दोन, इंजिनला एक. कमी पडले तर गाडी स्वतंत्र तपासणीला न्यायची, पास झाली तर रस्त्यावर. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त इंजिनिअर फेरफार तपासून सही करतात आणि त्या सहीची जबाबदारी त्यांच्यावर असते. इंजिनाला एक आणि चासीला पाच गुण, यातच सगळं आलं. आपल्याकडं पासिंगला लोक काय बघून घेतात? हॉर्न, लाइट, रिफ्लेक्टर. चासीखाली कोण वाकतं?

आणि माणसं आपल्याकडं नाहीत असं कुणी म्हणू नये. सांगलीत वालचंद कॉलेज 1947 पासून आहे, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1960 पासून. किर्लोस्करवाडीत 1910 पासून ओतकाम चालतं, साताऱ्यात कूपरांनी शंभर वर्षांपूर्वी नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं काढली. वेल्डिंग, ओतकाम, भेगा, ताण, हे आपल्या दोन जिल्ह्यांच्या रक्तात आहे. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यात बसते. सगळं आपल्या टप्प्यात. फक्त मिस्त्री आणि कॉलेज यांच्यात रस्ता नाही. मिस्त्रीला कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही आणि मेकॅनिकलच्या पोराला चार वर्षांत एकदाही यू-बोल्ट आवळायला मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी हा विषय मांडावा. चासी-सस्पेन्शनच्या कामाला ठरावीक मर्यादेत परवानगी, मान्य इंजिनिअरची तपासणी, आरसीवर नोंद, आणि चुकलं तर सही करणाऱ्यावर जबाबदारी. आणि तोपर्यंत? तोपर्यंत कायदा पाळा. मूळ पद्धतीचे पाटे, चांगले बुश, नवे शॉकअप यानं गाडी बरीच सुधारते, आणि यात कुठलाही कायदा मोडत नाही.

ज्यांनी आधीच असं काम करून घेतलंय त्यांना हात जोडून सांगतो. आज गाडी रॅम्पवर घ्या. प्रत्येक ब्रॅकेटच्या वेल्डिंगची कड वायर ब्रशनं घासून बॅटरीच्या उजेडात बघा. केसासारखी रेघ किंवा रंगातून गंजाचा ओघळ दिसला तर गाडी तिथंच थांबवा. पुन्हा वरून टाका मारू नका, चासीचा पत्रा आधी ठोकून बघा. त्यात माल भरू नका, माणसं तर अजिबात बसवू नका. आणि अथणीकडं कुणी अशी नाक नसलेली हिरवी पिकअप घेतली असेल, मागं कॉइल स्प्रिंगवाली, तर मला मेसेज करा. तपासणीचा खर्च मी देतो.

मिस्त्रीनं आता चासीचं काम बंद केलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीचं काम त्यानं पदरमोड करून उतरवलं, पुन्हा पाटे बसवले. मामांची गाडीही त्यानंच पूर्ववत केली, मजुरी घेतली नाही. मी त्याच्याविरुद्धची ती अर्धी बातमी लिहिली नाही. हे चुकीचं वाटत असेल तर तसं म्हणा, ऐकून घेईन.

गेल्या आठवड्यात आजोळी गेलो होतो. छाटण्या उरकल्यात, जानेवारीत माल सुरू होईल. गाडी चिंचेखाली उभी होती, पाट्यांवर. मामांनी सीटवर जुन्या गोधडीची घडी घातलीय, मणक्यासाठी. मामेभाऊ म्हणाला, आता क्रेटच्या खाली भाताचं काड घालून बघतो. मी चरीत गेलेल्या मोटरसायकलचं विचारलं. त्या पोराला सेकंडहँड घेऊन दिलीय, हप्त्यानं.

भिंतीवरची फ्रेम अजून आहे. मी मामांना म्हणालो, काढा की ती.

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू आलास की तुला दिसायला पाहिजे."